Explainer : खाडीला सातबारा नसतो, मग कोळ्यांना भरपाई कशाची? पनवेल-उरणमधील न्यायाच्या तीन व्याख्या

नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. भरपाईचा वाद पुढे अनेक दशके चालला. हा वाद फक्त रकमेचा नव्हता. 'न्याय' म्हणजे काय, याची प्रत्येकाची व्याख्या वेगळी होती.

सरकारची बाजू काय?
१८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार होता 'सार्वजनिक प्रयोजन'. अनेकांचे भले होत असेल तर जमीन घ्यावी आणि मालकाला मोबदला द्यावा.

शेतकऱ्यांचे म्हणणे काय होते?
पैसे संपतात, शेती मात्र पुढच्या पिढीलाही पोसते. म्हणून आगरी-कराडी शेतकऱ्यांनी विकासात वाटा मागितला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

कोळीवाड्यांचे काय?
खाडी कुणाच्या नावावर नसते. कोळ्यांचा दावा पिढ्यानपिढ्यांच्या मासेमारीचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये उरण-गव्हाण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

मग बरोबर कोण?
अमर्त्य सेन यांच्या प्रसिद्ध उदाहरणात एका बासरीवर तीन मुले हक्क सांगतात: एकाला ती वाजवता येते, दुसरे गरीब आहे, तिसऱ्याने ती बनवली आहे. तिघांचीही कारणे पटण्यासारखी आहेत. कोणते कारण आधी पटेल, हे बऱ्याचदा आपण कुठे वाढलो यावर ठरते.

एकमत होऊ शकते का?
कारणे वेगळी असली तरी नियम एक असू शकतो, असे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स सांगतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर सांगितले होते. तीच मूल्ये इतरांनी वेगळ्या वाटेने स्वीकारली.

कायद्यात काय बदलले?
२०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नाही. कूळ, शेतमजूर आणि मच्छीमारही त्यात येतात. पण संपादनाआधीची तीन वर्षे उपजीविका प्रामुख्याने त्याच जमिनीवर किंवा पाण्यावर अवलंबून असावी लागते. त्यामुळे बाधितांची यादी तयार होताना सातबारा नसलेल्यांनी आपले नाव तपासणे महत्त्वाचे ठरते.