तबकडी, फिल्म आणि ऑपरेटरचा हात

6 ऑगस्ट 1926 रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर बंधूंनी ‘डॉन जुआन’ दाखवला. पात्रांच्या तोंडी एकही संवाद नव्हता. पण न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं संगीत आणि तलवारींचा खणखणाट प्रेक्षकांना ऐकू येत होता, तोही तबकडीवरून. या पद्धतीचं नाव व्हिटाफोन. बोलपटाचा इतिहास सांगणारे बहुधा पुढच्या वर्षीच्या ‘द जॅझ सिंगर’वर आणि त्यातल्या अल जोल्सनवर रेंगाळतात. मला मात्र प्रोजेक्शनच्या खोलीतला ऑपरेटर महत्त्वाचा वाटतो. आवाज आणि चित्र यांची सांगड प्रत्येक खेळाला त्यालाच घालावी लागे.

धडपड जुनी होती. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने 1894-95च्या सुमारास कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवत स्वतःचं चित्रण करून घेतलं. फ्रान्समध्ये गोमाँने 1902 साली क्रोनोफोन दाखवला. पण दोन यंत्रांची चाल जुळत नसे आणि कर्ण्याचा आवाज मोठ्या थिएटरला पुरत नसे. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या व्हॅक्यूम ट्यूबवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे आवाजाचा प्रश्न सुटला. चालीसाठी प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडले.

व्हिटाफोनची तबकडी 16 इंचांची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी. सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने हजार फुटांचं रीळ सुमारे 11 मिनिटं चालतं. तबकडीही तेवढीच चाले. सुई आतून बाहेर सरके. खेळापूर्वी ऑपरेटर फिल्मवरची आरंभाची चौकट प्रोजेक्टरच्या झडपेत बसवी, सुई तबकडीवरच्या बाणाच्या खुणेवर टेकवी आणि मगच मोटर सुरू करी. ‘द जॅझ सिंगर’ची रिळं 15 आणि तबकड्याही 15. एक रीळ चालू असतानाच पुढची जोडी तयार ठेवावी लागे.

खरी परीक्षा फिल्म तुटल्यावर. खराब चौकटी कापून तुकडे नुसते चिकटवले, तर चित्र तेवढं पुढे जाई आणि तबकडी मागे राही. 12 चौकटी गेल्या की अर्ध्या सेकंदाची तफावत. एवढ्यात ओठ आणि शब्द उघड फारकत घेतात. म्हणून गेलेल्या चौकटी मोजून तेवढीच काळी फिल्म जोडावी लागे. पडदा क्षणभर काळा होई, पण पुढचं बोलणं जागेवर येई. इतकं काटेकोर काम घाईत करणाऱ्या या माणसांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत नाहीत, याची मला खंत वाटते.

मुद्रणातही जाच होताच. आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. मधलाच एखादा शब्द कापून टाकायची सोय नव्हती.

याउलट फॉक्स कंपनीच्या मूव्हीटोन पद्धतीत आवाज प्रकाशरेषांच्या रूपात फिल्मच्याच कडेला उमटे. चित्राला झडपेत थबकत जावं लागतं, आवाजाला मात्र अखंड सरकावं लागतं; म्हणून ध्वनिपट्टी सुमारे 20 चौकटी पुढे छापतात. फिल्म तुटली तर दोन्ही सारखेच तुटतात आणि थोड्याच चौकटींनंतर मेळ पुन्हा बसतो. काळ्या फिल्मची गरजच उरली नाही. मुंबईत 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’चा आवाजही फिल्मवरच मुद्रित होता. तोवर वॉर्नरनेही तबकडीवरचं मुद्रण सोडलं होतं.

व्हिटाफोनच्या जुन्या तबकड्या आणि फिल्म यांची मात्र ताटातूट झाली. कुठे फिल्म उरली, कुठे नुसती तबकडी. 1991 साली अमेरिकेतल्या संग्राहकांनी व्हिटाफोन प्रोजेक्ट सुरू केला. ते खासगी संग्रहांतल्या तबकड्या शोधतात, अभिलेखागारांतल्या मुक्या रिळांशी त्यांच्या जोड्या लावतात आणि तो आवाज नव्या प्रतीत फिल्मच्या कडेला छापला जातो.