कृपा आणि नियमशास्त्र (ख्रिस्ती धर्म)

कृपा आणि नियमशास्त्र यांचा संबंध हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. मनुष्याचे तारण देवाच्या कृपेने होते की धर्मनियमांच्या काटेकोर पालनाने, आणि ते कृपेने होत असल्यास नियमांचे स्थान कोणते, असे त्याचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात हा प्रश्न ठळकपणे दिसतो.

बायबलमधील आधार

नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘कृपा’ हा शब्द येतो. मोशेच्या द्वारे इस्राएलास मिळालेल्या आज्ञा व विधी यांना ‘नियमशास्त्र’ म्हणतात. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी काय, यावर पहिल्या शतकात वाद झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ (अध्याय १५) यानुसार यरुशलेम येथील सभेने ही सक्ती नाकारली; मात्र काही आचार वर्ज्य ठरवले. मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, अशी भूमिका पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मांडली. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचून विश्वास निर्जीव मानला आहे.

चर्चमधील मतभेद

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी ‘केवळ विश्वासाने’ हे तत्त्व मांडले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कृपेचे प्राथम्य मान्य केले, पण मनुष्याचे सहकार्य व सत्कृत्ये आवश्यक ठरवली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या.

पंडिता रमाबाई

रमाबाईंच्या आई-वडिलांनी तीर्थयात्रा, उपास व दानधर्म निष्ठेने केले. तरीही १८७०च्या दशकातील दुष्काळात दोघांचा अंत झाला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी तेथील भगिनींनी चालवलेले कार्य पाहून त्या प्रभावित झाल्या होत्या. तथापि, शाकाहार, क्रुसावरील लेखाची भाषा व धर्ममते यांवरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड स्वीकारण्यास त्यांनी पत्राद्वारे नकार दिला.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचल्यावर, तारण हे कमवायचे नसून स्वीकारायचे दान आहे, अशी त्यांची खात्री झाली. येथे वाद दोन धर्मांतील नव्हता; ख्रिस्ती आचारही कर्मकांड होऊ शकतो, हा त्यांचा अनुभव होता.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनात शिक्षण, शेती, विणकाम व मुद्रण यांची शिस्त होती. पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठीच्या तेथील विभागास ‘कृपासदन’ असे नाव होते. प्रवेशासाठी पूर्वचारित्र्याची अट न घालता आश्रय द्यायचा आणि शिस्त त्यानंतर लावायची, असा तेथील क्रम होता.

नारायण वामन टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तानुयायांना स्थान होते. त्यामुळे बाह्य विधी हे शिष्यत्वाचे लक्षण की फळ, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजापुढे पुन्हा उभा राहिला.