पाच कोटींचे पाच लाख

इसवी सन २९ मध्ये सम्राट ऑगस्टसची विधवा लिव्हिया वारली. गाल्बा या आपल्या मर्जीतल्या माणसासाठी तिने मृत्युपत्रात पाच कोटी सेस्टर्स ठेवले होते. पण रक्कम आकड्यांत होती, अक्षरी नव्हती. वारस असलेल्या तिबेरियसने ती पाच लाखच ठरवली, आणि तेवढीही गाल्बाला मिळाली नाही. स्वेटोनियसने ही हकिकत नोंदवली आहे.

हे जमले, कारण रोमन आकड्यांत शून्य नाही की स्थानाला किंमत नाही. हजाराला एकच अक्षर, एम. आणि ८८८ ला मात्र बारा! मोठ्या संख्येसाठी मग रेघांचा आधार घेत. अक्षरावर आडवी रेघ दिली की हजारपट. तिच्या जोडीला दोन्ही बाजूंना उभ्या रेघा काढल्या की लाखपट. डी म्हणजे पाचशे. वर नुसती रेघ असली तर पाच लाख, तिन्ही बाजूंनी रेघा असल्या तर पाच कोटी. लिव्हियाच्या मृत्युपत्रातली मेख बहुधा हीच असावी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतही रोमन आकडे कित्येक वर्षे नांदले. गोळ्यांची संख्या लिहिताना शेवटच्या आयला शेपूट काढून त्याचा जे करत, म्हणजे मागाहून कुणाला आणखी एक काडी वाढवता येऊ नये. जुन्या लोकांची ही खबरदारी खरोखर शहाणपणाची होती.

मोठ्या संख्येवर मात्र असा उपाय नव्हता. रोमन एम म्हणजे हजार, पण इंग्रजी मिलियनचे आद्याक्षरही एमच. कुणी दोनदा एम लिहून दहा लाख दाखवतो. रोमन हिशेबाने त्याचे दोन हजार होतात. हेपारिन, पेनिसिलिन ही औषधे हजारो-लाखो युनिटमध्ये मोजली जातात, तिथे हा घोळ परवडणारा नाही. ऱ्हुमॅटिक फीवर होऊन गेलेल्या मोठ्या मुलाला झडपांच्या रक्षणासाठी साधारणपणे दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिट देतात. परदेशी पुस्तकात तेच १.२ मिलियन. घाईच्या अक्षरात टिंब पुसट झाले की दसपट!

बँकेच्या चेकवर अक्षरी रकमेची ओळ असते. केसपेपरवर तशी ओळ छापलेली नसली, तरी ‘बारा लाख युनिट’ असे शब्दांत लिहायला कितीसा वेळ लागतो?

इन्सुलिनचा धोका तर रोजचा. युनिटसाठी आकड्याला चिकटून इंग्रजी यू काढला आणि त्याचे तोंड मिटले, की ४ चे ४० वाचले जातात. तेव्हा चिठ्ठी हातात पडताच घरच्यांनी आकडा मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘चार की चाळीस?’ हे डॉक्टरांच्या टेबलाशीच विचारून घ्यावे.