शेजारी प्रदेशांच्या उत्पन्नाची तुलना : खानदेशातील तीन जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
एकाच संघराज्यातील अथवा आर्थिक संघातील शेजारी प्रदेशांच्या उत्पन्नाची तुलना वरकरणी सोपी वाटते. चलन एक, बाजारपेठ खुली, सीमेवर जकात नाही. मग दोन आकडे शेजारी मांडले की झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात सीमा जितकी खुली, तितका 'हे उत्पन्न कोणाचे ?' हा प्रश्न अवघड होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन खानदेशाच्या आधारे केले आहे. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांचेच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

एकूण व दरडोई उत्पन्न :
2011 च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या 42,29,917, धुळ्याची 20,50,862 व नंदुरबारची 16,48,295 होती. म्हणजेच जळगावचे एकूण उत्पन्न धुळ्याच्या दुप्पट असले, तरी दरडोई उत्पन्न जवळपास समानच राहील. एकूण उत्पन्नातून अर्थव्यवस्थेचा आकार कळतो, माणसाची सरासरी स्थिती नव्हे. शिवाय कालानुरूप तुलना करताना चालू किंमतींऐवजी स्थिर किंमतींचा आधार घ्यावा लागतो. अन्यथा केळीचे वा कापसाचे भाव वाढले म्हणजे उत्पादन वाढले, असा भ्रम होतो.

उत्पन्नाचे स्थान :
भारतात राज्य व जिल्हा उत्पन्न मुख्यतः 'उत्पन्न जेथे निर्माण होते' या तत्त्वावर मोजले जाते. भुसावळजवळील दीपनगर हे याचे बोलके उदाहरण होय. येथील प्रत्येकी 500 मेगावॅटचे दोन संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला 2.4 कोटी युनिट वीज निर्माण होते. बाहेरून येणाऱ्या कोळशाचे व इतर खरेदीचे मूल्य वजा जाता उरणारे मूल्यवर्धन जळगाव जिल्ह्याच्या खाती जमा होते. वीज मात्र राज्यभर जाते आणि नफा वा तोटा महानिर्मितीच्या मुंबईतील ताळेबंदात दिसतो. तापीचे पाणी, राख व धूर हे मात्र स्थानिकांच्या वाट्याचे. त्यांचे मोल उत्पन्नाच्या आकड्यातून वजा होत नाही. याउलट दीपनगरला लागूनच असलेल्या भुसावळची रेल्वे ही अनेक राज्यांत पसरलेली सेवा असल्याने तिचे मूल्यवर्धन देशपातळीवर काढून निर्देशकांच्या आधारे वाटून दिले जाते.

नंदुरबारची स्थिती नेमकी उलट आहे. तेथील अनेक आदिवासी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. त्यांच्या श्रमातून निर्माण झालेले उत्पन्न गुजरातच्या हिशेबात धरले जाते; दरडोई उत्पन्न काढताना मात्र ही माणसे नंदुरबारच्या लोकसंख्येत मोजली जातात.

युरोपीय संघाचा अनुभव :
हाच पेच युरोपीय संघातही दिसतो. लक्झेंबर्गमध्ये फ्रान्स, जर्मनी व बेल्जियममधून दोन लाखांहून अधिक कामगार रोज ये-जा करतात. त्यांचे उत्पादन लक्झेंबर्गचे, परंतु लोकसंख्या शेजाऱ्यांची. परिणामी तेथील दरडोई उत्पन्न फुगते. आयर्लंडचे उत्पन्न 2015 मध्ये सुमारे 25 टक्क्यांनी वाढलेले दिसले, ते प्रामुख्याने बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता तेथे हलविल्यामुळे. म्हणून त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' हे वेगळे मापन प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

समारोप :
ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या कालखंडासाठी राज्यांमधील करवाटपात 'उत्पन्नातील अंतर' या निकषास 45 टक्के भार दिला होता. आकड्यावर निधी ठरत असेल, तर आकडा कशाचा आहे हे जाणणे अगत्याचे ठरते. दीपनगरच्या एका संचाने जळगावची सरासरी उंचावली, तरी त्यामुळे चोपडा वा यावल तालुक्यातील शेतमजुराची मजुरी वाढत नाही. म्हणून जिल्हा उत्पन्नासोबत मजुरी, उपभोग व स्थलांतर यांचीही नोंद घेतल्यासच शेजाऱ्यांची तुलना न्याय्य ठरेल.