परदेशस्थ दुकानदार आणि जपानचा नवा दंडक

परमुलखांत जाऊन दुकान थाटावयाचें, तर हातीं भांडवल आणि अंगीं उद्योग एवढ्यावर भागत नाहीं. त्या देशाच्या सरकारची अनुज्ञा लागते. या अनुज्ञेला सरसकट व्हिसा म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः व्हिसा हा दारांत दाखवावयाचा परवाना होय. आंत गेल्यावर कोणत्या कामासाठीं व किती काळ राहावयाचें, हें जपानांत ‘निवासाचा दर्जा’ या निराळ्या परवान्यानें ठरतें. परदेशी दुकानदार व कंपनीचालक यांना मिळणाऱ्या दर्जाचे नियम त्या सरकारनें १६ ऑक्टोबर २०२५ पासून फार कडक केले आहेत.

पूर्वीं धंद्यासाठीं जागा आणि ५० लक्ष येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ नोकर एवढें असलें म्हणजे पुरत असे. आतां भांडवलाची अट ३ कोटि येन, म्हणजे सहापट झाली. आपल्या नाण्यांत ही रक्कम पावणेदोन कोटि रुपयांच्या आसपास जाते. शिवाय एक पूर्णवेळ नोकर ठेवणें सक्तीचें असून तो जपानी नागरिक अथवा तेथें स्थायिक झालेला असला पाहिजे. मालकाला किंवा एखाद्या पूर्णवेळ नोकराला जपानी भाषा चांगली अवगत हवी. मालकापाशीं पदव्युत्तर पदवी अथवा धंदा चालविल्याचा ३ वर्षांचा अनुभव असावा. धंद्याची योजना अधिकृत तज्ज्ञाकडून पारखून घ्यावी लागते, आणि राहत्या घरांतच कचेरी मांडण्याची सोयहि बहुतांशीं बंद झाली आहे.

इतका कडकपणा कशासाठीं? कांहीं लोक ५० लक्ष येन दाखवून नांवापुरती कंपनी काढीत. धंदा कागदावरच राही, आणि खरा हेतु तेथें वास्तव्य करण्याचा असे. अशांना आळा घालावा, हें योग्यच आहे. आपलें दार राखण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे.

परंतु या नियमाचा भार कोणावर पडतो, हेंहि पाहिलें पाहिजे. जपानच्या शहरांतून भारतीय जेवण देणारीं जीं लहान उपाहारगृहें आहेत, त्यांपैकीं पुष्कळ नेपाळी मंडळी चालवितात. कित्येक जण प्रथम आचारी म्हणून गेले, आणि पै पै सांठवून पुढें मालक झाले. एक तंदूर, भांडीं, चार टेबलें आणि जागेचें भाडें, एवढ्या संसाराला ३ कोटि येन मुळींच लागत नाहींत. तेथील भारतीय करीचा इतिहासहि उद्योगी माणसांनींच घडविला. १९२७ सालीं राशबिहारी बोस यांच्यामुळें टोकियोंतील नाकामुराया या मूळच्या पावाच्या दुकानाच्या उपाहारगृहांत ती मिळूं लागली. १९४९ सालीं ए. एम. नायर यांनीं गिंझा भागांत आपलें उपाहारगृह काढलें.

यांत केवळ दुकानाचाच प्रश्न नाहीं. मालकाच्या दर्जावर त्याच्या बायकोमुलांचा दर्जा अवलंबून असतो. तो गेला, तर जपानी शाळेंत शिकणाऱ्या मुलालाहि आईबापांबरोबर गाशा गुंडाळावा लागण्याची पाळी येते.

आधींपासून हा दर्जा असलेल्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतरहि एखाद्याचा धंदा सुस्थितींत असेल, कर चोख भरलेले असतील आणि पुढील नूतनीकरणापर्यंत नव्या अटी पुऱ्या होण्याचा संभव दिसेल, तर अधिकारी सर्व बाजूंनीं विचार करून निर्णय देणार आहेत. ही तरतूद उदार मनानें वापरली जावी, यांतच जपानचेंहि हित आहे. एरवीं सुक्याबरोबर ओलेंहि जळावयाचें. लबाडाला भांडवल चार दिवस उसनें आणून दाखवितां येतें; परंतु वर्षानुवर्षें चोख ठेवलेली हिशेबाची वही आणि वेळच्या वेळीं भरलेला कर यांचें सोंग आणतां येत नाहीं. प्रामाणिक दुकानदाराची पारख करावयाची, तर ती याच कसोटीवर केली पाहिजे.