ज्या भंगाराला भाव नाही

आई गेल्यानंतर सहा महिन्यांनी पश्चिम दिल्लीतील आमचे घर रिकामे करण्यास मी आणि धाकटी बहीण बसलो. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आखलेल्या वसाहतीतील भूखंडावर वडिलांनी बांधलेले हे घर. आता बिल्डरशी करार झाला होता; जुने पाडून तेथे चार मजले उठणार होते आणि आमच्या हाती पंधरा दिवस होते. शासकीय सेवेत असताना कोणती नस्ती कायम जतन करायची आणि कोणती नष्ट करायची, याचे निर्णय मी असंख्य वेळा दिले होते. घरातील वस्तूंचे वर्गीकरण त्याहून अवघड असेल, असे वाटले नव्हते.

आरंभ खरोखरच सोपा झाला. गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याने, म्हणजे दिल्लीच्या भाषेत कबाड्याने, अंगणात बसून तासाभरात वर्तमानपत्रे, वह्या, पुठ्ठा, लोखंड, पितळ, जाड प्लास्टिक आणि पातळ प्लास्टिक यांचे वेगवेगळे ढीग केले. मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांकडे काय जाईल, टिकरीच्या प्लास्टिक बाजारात काय विकले जाईल, हे त्याला तोंडपाठ होते. हा माणूस सकाळी गोदामवाल्याकडून उचल घेऊन निघतो आणि संध्याकाळी माल त्यालाच घालतो. आईच्या साड्यांसाठी स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन बोहारीण आली. मूळ गुजरातेतून आलेल्या या स्त्रियांचा बाजार रघुबीरनगरात उजाडण्यापूर्वीच भरतो. फाटके लोकरी स्वेटर पानिपतला जाऊन पुन्हा धागा होतात. कापसाच्या गाद्या पिंजाऱ्याने नेल्या. सागवानी दारांसाठी घर पाडणारा ठेकेदार उलट आम्हालाच पैसे देत होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या साखळीचे अप्रूप वाटते. ती कोणत्याही खात्याने उभारलेली नाही, कोणत्याही राजपत्रात तिचा जन्म नोंदलेला नाही. ज्या वस्तूला बाजारात किंमत आहे तिला घराबाहेर पडण्याची वाट या देशात आपोआप सापडते. (या साखळीच्या दुसऱ्या टोकाला, सीलमपूरसारख्या वस्तीत, उघड्या हातांनी तारा जाळून तांबे काढणारी माणसे असतात, हेही विसरता येत नाही, तेव्हा अप्रूप बेताचेच ठेवलेले बरे.)

आठव्या दिवशी मागच्या व्हरांड्यात उरले ते असे : अकरा जुन्या ट्यूबलाइट, दोन काचेचे थर्मामीटर, वडिलांचे पाऱ्याच्या नळीचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र, आईच्या मुदत संपलेल्या औषधांची पिशवी, इन्सुलिनच्या सुया, अर्धवट वापरलेले रंगाचे डबे, वाळवीच्या औषधाची बाटली, फोमची गादी आणि जुना, मोठ्या चित्रनळीचा टीव्ही. कबाड्याने सर्वांवरून नजर फिरवली आणि टीव्ही तेवढा उचलला. “बाकीच्याचं मी काय करू, बाबूजी?” एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानाच्या भिंतीपाशी त्या टीव्हीची फोडलेली चित्रनळी पडलेली दिसली. तांबे निघून गेले होते. शिसेयुक्त काच आमच्या वसाहतीतच राहिली होती. तो टीव्ही आमचाच होता, हे मी तेथे कोणाला सांगितले नाही.

व्हरांड्यातील बहुतेक सर्व वस्तूंना २०१६ मध्ये कायद्यात एक नाव मिळाले होते : घरगुती घातक कचरा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तो ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली. तो स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक केंद्र असावे, अशी जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. ही तरतूद मला शोधावी लागली नाही. त्या वर्षी मी एका राज्याच्या नगरविकास विभागात होतो आणि नियमांची प्रत खालच्या कार्यालयांना पाठवणाऱ्या परिपत्रकावर माझी सही आहे. ‘आवश्यक कार्यवाही करून अहवाल सादर करावा’ असे त्यात शेवटी लिहिलेले होते. किती अहवाल आले, हे मी कधी विचारले नाही.

आता मी अर्जदाराच्या जागी होतो. स्थानिक कार्यालयात तीन दूरध्वनी केले. पहिल्यांदा केंद्राचा पत्ता मिळाला नाही, दुसऱ्यांदा मला तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या वेळी एका सौजन्यशील गृहस्थांनी सांगितले की, सारे कचऱ्याच्या गाडीत टाकून द्या, वेगळा कप्पा असतो. कप्पा खरोखर होता. त्यात चालकाचा डबा आणि पाण्याची बाटली होती.

गाडीत टाकलेले शेवटी कोठे जाते, हे दिल्लीकरांना दुरूनही दिसते. गाझीपूरची कचराभूमी १९८४ मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये तिची क्षमता संपली आणि त्यानंतरही तेथे कचरा पडतच राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या डोंगराचा कडा कोसळून दोघांचा जीव गेला. आमच्या घरापासून जवळ असलेल्या मायापुरीची आठवण तर याहून बोचरी आहे. दिल्ली विद्यापीठाने १९७० च्या सुमारास आणलेले व पुढे वर्षानुवर्षे पडून राहिलेले एक किरणोत्सर्गी उपकरण २०१० मध्ये अडगळ म्हणून लिलावात काढले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. अनेक जण आजारी पडले आणि भंगाराच्या दुकानातील एका कामगाराचा मृत्यू झाला. लिलावाचे कागद बहुधा व्यवस्थितच असतील. घरातला पारा आणि कोबाल्ट यांची तुलना मी करत नाही. पण विकणाऱ्याने पावती घेतली की त्याची जबाबदारी संपली, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

याबाबत नवे नियम काही करतील, अशी माझी अपेक्षा होती. २०२२ च्या ई-कचरा नियमांत वस्तूंची यादी १०६ वर गेली. उत्पादकाने पुनर्चक्रण केल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत उद्योगाकडून विकत घ्यायची, अशी व्यवस्था आली. परंतु ही प्रमाणपत्रे मोजली जातात ती सोने, तांबे, लोखंड व अॅल्युमिनियम या धातूंवर. म्हणजे कबाड्याचाच तराजू सरकारने उचलला. तांब्याला त्याच्या गाडीवरही भाव होता. शिशाच्या काचेला आणि पाऱ्याला ना त्याच्याकडे भाव, ना प्रमाणपत्रांच्या हिशेबात. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे, तरीही माझ्या हातातील थर्मामीटर घ्यायला कोणी नाही.

कबाड्याला हटवून त्याची जागा कंपनीला द्यावी, असे मसुदे मी कारकिर्दीत पाहिले आहेत आणि मला ते कधीच पटले नाहीत. जे काम चालू आहे तेथे राज्यसंस्था हौसेने शिरते, जे कोणीच करत नाही तेथे परिपत्रक पाठवते. ज्या वस्तूला बाजार किंमत देत नाही ती उचलण्यासाठी कोणीतरी पैसे मोजायला हवेत, आणि ते काम सरकारचे आहे. दर ट्यूबलाइटमागे दोन-पाच रुपये त्याच कबाड्याला मिळाले, तर ती न फुटता केंद्रापर्यंत पोहोचेल. केरळमध्ये या दिशेने काही घडले आहे. कुटुंबश्रीतून उभ्या राहिलेल्या हरित कर्म सेनेच्या स्त्रिया ठरावीक शुल्क घेऊन दारात येतात. कोणत्या महिन्यात काच, कोणत्या महिन्यात ई-कचरा, याचे वेळापत्रक असते. मुदत संपलेली औषधे घरांतून गोळा करण्याचा उपक्रम त्या राज्याच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोळिकोडपासून सुरू केला. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळ ब्रह्मपुरमची कचराभूमी पेटून शहर धुरात कोंडले होते, त्यामुळे तेथे सारे सुरळीत आहे असे कोणी म्हणणार नाही. पण दारात येणाऱ्या बाईला नकार देणे दूरध्वनीवरील आवाजाला विसरण्याइतके सोपे नसते.

पंधराव्या दिवशी मजूर घण घेऊन आले. फोमची गादी त्यांच्यापैकी एकाने झोपायला मागून घेतली. बहिणीने ट्यूबलाइट वर्तमानपत्रांत गुंडाळल्या, थर्मामीटर आणि रक्तदाबाचे यंत्र आईच्या लोणच्याच्या बरणीत उभे केले, झाकण घट्ट लावले. “वीरजी, हे कुठे नेणार?” तिने विचारले. सध्या ते सारे नोएडात माझ्या बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे आहे. चौथा तक्रार क्रमांक बरणीवर चिकटवून ठेवला आहे.