प्राण्यांची आडनावे



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात खवल्या मांजर राहते. त्याच्या अंगावर खवले असतात. भीती वाटली की ते चेंडूसारखे गोल होते. पण ते मांजर नाहीच! मांजराला टोकदार दात असतात. खवल्या मांजराला एकही दात नसतो. ते लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खाते.

रोहीचे पण तसेच. तिला पुस्तकात नीलगाय म्हणतात. गाय, म्हैस, बकरी आणि रोही एका मोठ्या कुळातले आहेत हे खरे, पण रोही म्हणजे गाय नव्हे. म्हणजे नुसत्या नावावर गेले तर आपण फसतो.

दुसरी अडचण अशी की गाव बदलले की नाव बदलते. आपण मोह म्हणतो. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे लोक त्यालाच इप्पा म्हणतात. हिंदीत महुआ म्हणतात. झाड एकच, नावे तीन! मग दूर देशातल्या माणसाला कसे कळेल की आपण कोणत्या झाडाबद्दल बोलतो?

यावर स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस यांनी उपाय काढला. त्यांचा जन्म १७०७ साली झाला. गंमत म्हणजे त्यांचे लिनियस हे आडनावच एका झाडावरून पडले होते. त्यांच्या आधी विद्वान लोक एका झाडाचे नाव एका ओळीएवढे लांब लिहीत. लिनियस यांनी १७५३ साली झाडांना आणि १७५८ साली प्राण्यांना फक्त दोन शब्दांची नावे दिली. तीच रीत आजही साऱ्या जगात चालते.

ही रीत आपल्या हजेरीसारखी आहे. हजेरीत आधी आडनाव असते, मग नाव. आमच्या वर्गात मडावी चार आहेत. गुरुजींनी नुसते "मडावी" म्हटले तर चौघेही "हजर" म्हणतील. म्हणून नाव पण लागते. शास्त्रज्ञ पहिल्या शब्दाला प्रजाती म्हणतात आणि दुसऱ्याला जाती. एका प्रजातीचे प्राणी एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतात. हे पाहा:

वाघ – पँथेरा टायग्रिस
बिबट – पँथेरा पार्डस
सिंह – पँथेरा लिओ
घरचे मांजर – फेलिस कॅटस
रानमांजर – फेलिस चाउस
रानकुत्रा – क्युऑन अल्पायनस
लांडगा – कॅनिस लुपस

वाघ, बिबट आणि सिंह यांचे आडनाव एकच आहे. रानकुत्र्याचे आडनाव मात्र लांडग्याहून वेगळे आहे. हाताने लिहिताना या दोन्ही शब्दांखाली रेघ मारायची असते.

आडनावाच्या वरही पायऱ्या आहेत. पोस्टकार्डावर आपण पत्ता लिहितो तसे समजा. देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, आडनाव, नाव. सात झाले! प्राण्यांचा पत्ता पण सात पायऱ्यांचा असतो: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वाघ प्राणी सृष्टीतला, पाठीचा कणा असणाऱ्यांच्या संघातला, दूध पाजणाऱ्या सस्तन वर्गातला, मांसभक्षी गणातला आणि मार्जार कुलातला. घरचे मांजर पण मार्जार कुलातलेच. म्हणजे वाघ आणि मांजर एका गावचे, आडनाव तेवढे वेगळे. खवल्या मांजराचा मात्र गणच वेगळा आहे, म्हणजे त्याचा तालुकाच जुळत नाही!

हे नाते कसे ठरवतात? प्राण्यांचे दात, हाडे, पाय पाहतात. झाडांचे फूल, फळ, बी पाहतात. आता पेशीतला डीएनए पण तपासतात. पळसाची शेंग सोलून पाहा, आत एकच बी सापडेल. त्याचे नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एका बीचा. पळस आणि आपल्या शेतातली तूर एकाच कुलातले आहेत. दोघांना पण शेंगा येतात.

ही नावे ऐकायला अवघड आहेत, पण त्यात आपल्या देशातले शब्द पण आहेत. मोहाचे नाव मधुका लाँगिफोलिया. संस्कृतमध्ये मोहाला मधूक म्हणतात, त्यावरून मधुका. सागाचे नाव टेक्टोना ग्रँडिस. साग दक्षिणेत ज्या नावाने ओळखतात, त्यावरून टेक्टोना झाले. मण्यार सापाचे आडनाव बंगारस. तेलुगूत बंगारू म्हणजे सोने. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची पट्टेरी मण्यार आपल्या भागात सापडते, तिचे पिवळे पट्टे सोन्यासारखे दिसतात.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. मण्यार फार विषारी आहे. तिचे नाव बंगारस सेरुलियस. कवड्या साप बिनविषारी आहे. त्याचे नाव लायकोडॉन ऑलिकस. दोघांच्या अंगावर पांढरट पट्टे असतात. दोघे पण रात्री फिरतात. बॅटरीच्या उजेडात पुष्कळ लोकांना दोघे सारखेच वाटतात. कवड्या चावला तर माणूस तसाही बरा होतो. मग लोक म्हणतात, "मंत्रानं उतरलं तं!" पुढे मण्यार चावते आणि लोक पुन्हा मंत्राकडेच जातात. मण्यार बहुतेक रात्री झोपेत चावते. फारसे दुखत नाही, सूज पण येत नाही, म्हणून लोक वेळ घालवतात. त्यात जीव जातो. साप ओळखत बसू नये, त्याला मारायला किंवा पकडायला पण जाऊ नये. सरळ दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच औषध दवाखान्यात देतात. घोणस म्हणजे आपल्याकडची परड.

म्हणून रात्री खाटेवर झोपा. खाली झोपायचे असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

सांगा पाहू: घरच्या मांजराचे जास्त जवळचे नातेवाईक कोण, रानमांजर की खवल्या मांजर? आडनावे पाहा, उत्तर सापडेल.

– इयत्ता ४ थी